कमलाबाई ओगले

कमलाबाई कृष्णाजी ओगले (जन्म : १६ सप्टेंबर १९१३, कुंडल, मृत्यू : २० एप्रिल १९९९) या मराठी पाककृतिलेखिका होत्या. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा' या पुस्तकाच्या लेखिका म्हणून त्या महाराष्ट्रभर परिचित आहेत. शालेय शिक्षण अगदी बेताचे असूनही त्यांनी लिहिलेले हे पुस्तक मराठीतील सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांत गणले जाते. घरात काटा किंवा प्रमाणित माप नसतानाही पदार्थ बिनचूक करता यावा, यासाठी त्यांनी वाटी आणि चमचा या घरोघरी असणाऱ्या भांड्यांनाच मापाचा दर्जा दिला. मराठी पाककृतिलेखनातील हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे योगदान मानले जाते.

जन्म व बालपण

कमलाबाईंचा जन्म कुंडल या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी त्या काळी औंध संस्थानात होते. कुंडलजवळच्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना व वसाहत उभारली आणि पुढे ती किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्धीस आली. याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर' आणि १९३० साली 'स्त्री' ही मासिके निघू लागली. मराठी मध्यमवर्गातील स्त्रियांच्या वाचनावर त्यांचा मोठा प्रभाव पडला.

कमलाबाईंचे शालेय शिक्षण चौथीपर्यंत झाले. त्या काळी ग्रामीण भागातील मुलींचे शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबणे सर्वसामान्य होते. घरकाम व स्वयंपाक हे मुलीचे पुढील शिक्षण समजले जाई. हे शिक्षण तोंडी असे. त्यात पुस्तक, वही किंवा माप यांना स्थान नव्हते. आई, काकू, आजी यांच्या हाताखाली वावरताना जे दिसेल ते शिकायचे, अशी ती पद्धत होती.

विवाह व स्वयंपाकाचे शिक्षण

विवाहानंतर कमलाबाई सांगली येथे आल्या. स्वयंपाकाचे खरे शिक्षण त्यांना सासूबाईंकडून मिळाले. सांगली ही तेव्हा पटवर्धन घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. कृष्णाकाठच्या या भागात ज्वारी, हळद, गूळ व दूधदुभते यांची समृद्धी असल्यामुळे सणावारांचा स्वयंपाक मोठ्या प्रमाणावर होत असे. एकत्र कुटुंबात रोज अनेक माणसांचे जेवण रांधताना सुगरणीला पदार्थाचा अंदाज हातानेच येत असे. पुढे कमलाबाईंनी पाककलेचे वर्ग घेण्यास सुरुवात केली. घरातील अनुभवाला अध्यापनाची जोड मिळाल्यावर एक अडचण ठळकपणे पुढे येते. शिकवणारीचा हात आणि शिकणारीचा हात एक नसतो. शिकवणारीला पुरेसा वाटणारा अंदाज नवशिकीला संदिग्ध वाटतो. त्यांच्या पुढील लेखनाचे स्वरूप या अडचणीच्या संदर्भात समजून घेता येते.

पार्श्वभूमी : पारंपरिक मापे

मराठी स्वयंपाकघरात मापे नव्हती असे नाही. उलट ती अनेक होती. धान्यासाठी घनमापे वापरली जात. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली अशी त्यांची उतरंड होती. सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी होई. वजनासाठी तोळा, छटाक, पावशेर व शेर ही मापे प्रचलित होती. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम, तर छटाक सुमारे ५८ ग्रॅम भरत असे. मात्र शेर सर्वत्र सारखा नव्हता. गावोगावी, बाजारोबाजारी आणि वस्तूपरत्वे त्यात फरक पडे. मापाचा शेर आणि वजनाचा शेर हेही वेगवेगळे असत.

ही मापे मुख्यतः खरेदी, साठवण व देवघेव यांसाठी होती. प्रत्यक्ष चुलीपाशी त्यांच्याऐवजी शरीर आणि ओळखीच्या वस्तू हेच माप ठरे. चिमूटभर हिंग, मूठभर डाळ, ओंजळभर पोहे, पसाभर तांदूळ, सुपारीएवढा गूळ, लिंबाएवढी चिंच, बोटाच्या पेराएवढे पाणी, पळीभर तेल अशी ही भाषा होती. पाक झाला की नाही हे काट्याने न ठरवता दोन बोटांमधील तारेवरून ठरवीत. एकतारी व दोनतारी पाक ही नावे त्यातूनच आली. पिठात मोहन पुरेसे पडले आहे का, हे पीठ मुठीत दाबल्यावर मुटका वळतो की नाही यावरून कळे. ही पद्धत अशास्त्रीय नव्हती, परंतु ती पाहूनच शिकता येत असे. कागदावर तिचा अर्थ पोहोचवणे कठीण होते.

मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा कमलाबाईंच्या आधीपासून होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली आले आणि ते दीर्घकाळ वापरात राहिले. या पुस्तकांच्या काळातील शेर, छटाक, तोळा ही मापे पुढच्या पिढीला हळूहळू अपरिचित होत गेली.

मेट्रिक पद्धतीचे संक्रमण

स्वातंत्र्यानंतर भारतात वजनमापांचे एकसूत्रीकरण झाले. १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा संमत झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने लागू झाली. १९६२ पर्यंत देशभर किलोग्रॅम व लिटर हीच अधिकृत मापे ठरली. बाजारात शेर जाऊन किलो आला, तरी स्वयंपाकघरात काटा आला नाही. घरातील जुन्या स्त्रिया पावशेर व छटाकाच्या हिशेबाने बोलत, दुकानदार ग्रॅममध्ये देई आणि शाळेत शिकलेल्या मुलींना शेराचा अंदाज नसे. त्यामुळे आजीने सांगितलेली कृती नातीला आणि जुन्या पुस्तकातील कृती नव्या वाचकाला जशीच्या तशी वापरणे अवघड झाले.

याच काळात एकत्र कुटुंबे विभागली जाऊ लागली होती. नोकरीनिमित्त तरुण जोडपी मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आणि परप्रांतांत स्थिरावत होती. मुलींचे शिक्षण वाढले होते आणि सासूच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकण्याची संधी कमी झाली होती. हाताने हाताला दिले जाणारे ज्ञान एका पिढीत खंडित होण्याची शक्यता होती. 'रुचिरा' प्रसिद्ध झाले ते या पार्श्वभूमीवर.

रुचिरा

'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याचा दुसरा भागही निघाला. पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि त्याच्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या. नंतरच्या आवृत्त्या मेहता पब्लिशिंग हाऊसने प्रकाशित केल्या. त्यातील निवडक पाककृतींचा इंग्रजी अनुवादही उपलब्ध आहे. लग्नात नववधूला 'रुचिरा'ची प्रत भेट देण्याची प्रथा अनेक मराठी घरांत रूढ झाली. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांच्या सामानातही हे पुस्तक असे.

पुस्तकाची भाषा साधी, सूचनात्मक व थोडक्यात आहे. आधी साहित्य आणि मग कृती अशी मांडणी असल्यामुळे स्वयंपाक सुरू करण्यापूर्वी तयारी करणे सोपे जाते. रोजचे वरण, भात, भाजी, पोळी यांसारखे पदार्थही शिकवण्याजोगे आहेत हे या पुस्तकाने गृहीत धरले. अनुभवी सुगरणीला क्षुल्लक वाटणारी माहितीच नवशिक्या वाचकाला सर्वाधिक हवी असते. ही जाण पुस्तकाच्या यशाचे एक महत्त्वाचे कारण मानता येते.

वाटी व चमच्याची पद्धत

'रुचिरा'मधील प्रमाणे प्रामुख्याने वाटी व चमचा या मापांत दिलेली आहेत. या निवडीमागील तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक पाककृतींत पदार्थाचे यश कोणत्याही एका घटकाच्या निव्वळ वजनावर अवलंबून नसते, तर घटकांच्या परस्परप्रमाणावर अवलंबून असते. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी हे प्रमाण वाटी लहान असो वा मोठी, सारखेच राहते. वाटी बदलली तर भाताचे एकूण प्रमाण बदलते, भाताची प्रत बदलत नाही. मोदकाच्या उकडीसाठी पिठाइतकेच पाणी, पुरणासाठी डाळीइतकाच गूळ, चकलीच्या भाजणीसाठी चार भाग तांदूळ, दोन भाग हरभराडाळ व एक भाग उडीदडाळ ही महाराष्ट्रातील प्रचलित प्रमाणे याच तत्त्वावर आधारलेली आहेत. त्यामुळे या पद्धतीत एक नियम अनिवार्य ठरतो. एका पदार्थासाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वाटी वापरावी.

चमच्याचे स्थान वेगळे आहे. मीठ, तिखट, हळद, हिंग, सोडा हे घटक अल्प प्रमाणात लागतात आणि त्यांतील थोडा फरकही चवीला जाणवतो. चिमूट व्यक्तीगणिक बदलते, चमचा त्यामानाने स्थिर असतो. प्रमाणित मापांत लहान चमचा ५ मिलिलिटरचा व मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरतात, म्हणजे तीन लहान चमच्यांचा एक मोठा चमचा होतो. चमचा सपाट भरला की शिगोशीग, यानेही मापात बराच फरक पडतो. शीग सुरीच्या पाठीने किंवा बोटाने उतरवून सपाट चमचा घेतल्यास माप पुन्हा पुन्हा सारखे येते.

वाटी हे आकारमानाचे माप आहे, वजनाचे नाही. हा भेद लक्षात न घेतल्यास ग्रॅममधील कृती वाटीत बदलताना चूक होते. २०० मिलिलिटरच्या वाटीत पाणी २०० ग्रॅम मावते. त्याच वाटीत साखर किंवा तांदूळ साधारण १७० ग्रॅमच्या आसपास, तर हलक्या हाताने भरलेली कणीक सव्वाशे ग्रॅमहूनही कमी भरते. पीठ दाबून भरले तर हे वजन वाढते. म्हणून पीठ आधी सैल करून वाटीत भरावे आणि वर आलेली शीग उतरवावी, अशी रीत आहे. घट्ट तूप किंवा लोणी मोजण्यासाठी पाण्याचा उपयोग करता येतो. अर्धी वाटी तूप हवे असल्यास वाटी अर्धी पाण्याने भरावी, तूप पूर्णपणे बुडालेले राहील असे घालत जावे आणि पाणी काठाला आले की थांबावे. पाणी ओतून दिल्यावर उरलेले तूप बरोबर अर्धी वाटी भरते.

नागपूर व विदर्भाच्या संदर्भात

वाटीच्या मापाचे महत्त्व महाराष्ट्राच्या प्रादेशिक विविधतेच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. नागपूर हे १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड आणि नंतर मध्य प्रदेश या राज्यांची राजधानी होते. त्यानंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात समाविष्ट झाला. मराठवाडा त्याआधी हैदराबाद संस्थानात होता, तर सांगली, औंध, कोल्हापूर ही स्वतंत्र संस्थाने होती. वेगवेगळ्या राजवटींखाली वाढलेल्या या प्रदेशांत बाजारातील मापे व त्यांची नावे भिन्न होती. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात धान मोजण्यासाठी पायलीबरोबर कुडो हे माप वापरले जाई. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला ते नाव परके वाटे. राज्य एक झाल्यावर दहा वर्षांनी आलेल्या पाकपुस्तकाला सांगलीच्या व नागपूरच्या वाचकाशी एकाच भाषेत बोलायचे होते. वाटी ही दोन्हीकडे होती.

नागपुरी स्वयंपाकातील अनेक पदार्थ प्रमाणाच्या तत्त्वाची साक्ष देतात. गोळाभातासाठी हरभराडाळीचा भरडा तेलाचे मोहन, तिखट व मीठ घालून भिजवतात आणि त्याचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवून वाफवतात. मोहन किंवा पाणी कमी पडल्यास गोळे घट्ट होतात, पाणी अधिक झाल्यास ते भातात विरघळतात. पाटवडीच्या रश्श्यासाठी बेसन शिजवताना बेसनाच्या साधारण दीडपट ते दुप्पट पाणी लागते. पाणी जास्त झाले तर थापलेल्या वड्या पडत नाहीत. वडाभातासाठी मिश्र डाळी भिजवून भरड वाटतात. वाटताना पाणी घातले तर वडे तेल पितात. या तिन्ही पदार्थांत काट्यापेक्षा एकाच वाटीने घेतलेले प्रमाण आणि हाताला कळणारा घट्टपणा यांचा मेळ महत्त्वाचा असतो. याउलट संत्र्याच्या बर्फीत फळातील रसाचे प्रमाण हंगामानुसार बदलते. तेथे वाटीचे माप केवळ आरंभापुरते उपयोगी पडते आणि मिश्रण कढईच्या कडा सोडू लागले की नाही, हे पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

पद्धतीच्या मर्यादा

वाटीच्या पद्धतीवर काही आक्षेपही घेतले जातात. पहिला आक्षेप असा की वाटीचा आकार निश्चित नसतो. प्रमाणावर आधारित पदार्थांत ही अडचण येत नाही. परंतु एकाच कृतीत वाटीबरोबर नगाने मोजलेले घटकही असतील, उदाहरणार्थ दोन लिंबे किंवा चार हिरव्या मिरच्या, तर वाटी लहान-मोठी झाल्याने चवीत फरक पडतो. चमच्याच्या बाबतीतही हेच घडते. वाटी मोठी घेतली आणि मिठाचा चमचा तोच ठेवला, तर पदार्थ अळणी होतो.

दुसरी मर्यादा टिकाऊ पदार्थांची आहे. लोणचे टिकण्यासाठी मिठाचे वजनी प्रमाण पुरेसे असावे लागते. जाडे मीठ व बारीक मीठ यांच्या एका वाटीचे वजन सारखे नसते, कारण जाड्या खड्यांमध्ये मोकळी जागा अधिक राहते. अशा वेळी काटा अधिक विश्वसनीय असतो. केक, बिस्किटे यांसारख्या भट्टीच्या पदार्थांतही पिठाच्या व सोड्याच्या अचूक मापाला महत्त्व आहे, कारण पदार्थ भट्टीत गेल्यावर दुरुस्तीला वाव राहत नाही. भाजी, आमटी, कोशिंबीर यांत मात्र चव घेऊन सुधारणा करता येते आणि वाटी-चमच्याचे माप पुरेसे ठरते.

तिसरी मर्यादा घटकांच्या गुणधर्माची आहे. जुना तांदूळ नव्या तांदळापेक्षा अधिक पाणी घेतो, जाडा रवा बारीक रव्यापेक्षा वेगळा फुलतो, गव्हाच्या जातीप्रमाणे कणकेला लागणारे पाणी बदलते. कोणतेही माप, मग ते वाटीचे असो वा ग्रॅमचे, हा फरक पूर्णपणे दूर करू शकत नाही. त्यामुळे लिखित प्रमाण ही सुरुवात आहे आणि अंतिम निर्णय करणाऱ्याच्या नजरेचा व हाताचा आहे, हे पारंपरिक तत्त्व छापील पाककृतींच्या काळातही लागू राहते.

प्रभाव व महत्त्व

'रुचिरा'च्या थोडे आधी, १९६९ साली, लक्ष्मीबाई वैद्य यांचे 'पाकसिद्धि' हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. या दोन पुस्तकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी पाककृतिलेखनाचा पाया घातला असे मानता येते. त्यानंतर मराठीत आलेल्या असंख्य पाकपुस्तकांत, नियतकालिकांतील सदरांत आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत वाटी व चमचा हीच मापाची परिभाषा रूढ झालेली दिसते.

कमलाबाईंच्या कार्याचे सामाजिक मोलही लक्षणीय आहे. स्वयंपाक हे स्त्रियांचे नैसर्गिक कौशल्य समजले जात असल्यामुळे त्यातील ज्ञानाची ज्ञान म्हणून नोंद क्वचितच होत असे. सुगरणीच्या मृत्यूबरोबर तिचे पदार्थही नाहीसे होत. चौथीपर्यंत शिकलेल्या एका गृहिणीने हे ज्ञान मोजता येईल, लिहिता येईल आणि ओळख नसलेल्या व्यक्तीलाही वापरता येईल अशा रूपात मांडले. हाताला चव असते, हा समज त्यांच्या पुस्तकाने नाकारला नाही. परंतु ज्याच्या हाताला अजून चव आलेली नाही अशा व्यक्तीलाही, ती स्त्री असो वा पुरुष, पहिला पदार्थ नीट करता येईल अशी सोय केली. घरापासून दूर राहून स्वतः रांधणाऱ्या विद्यार्थ्यांना व नोकरदारांना या सोयीचा विशेष उपयोग झाला.

मृत्यू

कमलाबाई ओगले यांचे २० एप्रिल १९९९ रोजी निधन झाले. त्यांच्या निधनानंतरही 'रुचिरा'च्या आवृत्त्या निघत राहिल्या. डिजिटल काटे व मापाचे कप बाजारात सहज मिळू लागल्यानंतरही मराठी स्वयंपाकघरात वाटीचे माप टिकून आहे.